जावयाच्या नावची नोटीस

जावयाला नोटीस पाठवायची की नाही, हे ठरवायला रविवारी दुपारी घरचे जमले, तेव्हा जावई आणि धाकटी सोडून बाकी सगळे हजर होते. धाकटीला तर कळवलंच नव्हतं. जावयाची बायको म्हणून तिला बाजूला ठेवायचं की घरची लेक म्हणून बोलवायचं, यावर आदल्या दिवशी बराच खल झाला आणि शेवटी सगळ्यांनी तो प्रश्न अण्णांवर, म्हणजे तिच्या वडिलांवर, ढकलला. अण्णा उठून आपल्या कामाच्या टेबलाशी गेले, डोळ्याला भिंग लावलं आणि कुणाच्या तरी मनगटी घड्याळात डोकं घातलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाचं अडचणीच्या प्रश्नावर हे नेहमीचं उत्तर होतं. मग थोरल्या मुलाने एक तोड काढली. धाकटी दर रविवारी संध्याकाळी येते, तेव्हा आपण दुपारीच उरकून घेऊ, असं ठरलं.

थोरला बेकरी चालवायचा. पहाटे भट्टीपुढे उभं राहिलेल्या माणसाला दुपारी झोप येते, पण आज त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती. मंगळवारपासून त्याचा तिळपापड होत होता. त्याची बायको, म्हणजे या घरची सून, पुलावर मरता मरता वाचली होती आणि ज्या गाडीपायी ती तशी अडकली, ती गाडी सख्ख्या जावयाने विकली होती.

सून परिचारिका होती. घरोघरी जाऊन कुणाची जखम बांधायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, पडून असलेल्यांची कूस बदलायची. रुग्णालयातली नोकरी सोडून तिने हे काम स्वतःच्या जिवावर सुरू केलं, तेव्हा जावयाने आपल्या जुन्या गाड्यांच्या शोरूममधून एक छोटी निळी गाडी निवडून दिली. इंजिनाची आणि वायरिंगची लेखी हमी दिली आणि वर म्हणाला, "वहिनी, ही घरची म्हणून देतोय." मंगळवारी हीच घरची गाडी पुलाच्या चढावर, भर वाहतुकीत, खोकली आणि बंद पडली. मागच्या ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला. तिने आरशात पाहिलं तर मागच्या काचेत ट्रकच्या तोंडाशिवाय काहीच दिसत नव्हतं. गाडी कडेला ढकलून घेऊन, पिशवी काखोटीला मारून ती चालत निघाली आणि तिची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्या पेंटरला इंजेक्शन देऊनच घरी आली.

त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली होती की आता कोर्टात जायचं. आज मात्र ती खिडकीशी जाऊन बसली होती. तिला धाकटीची आठवण येत होती. लग्नानंतर सुनेने परिचारिकेचा अभ्यास सुरू केला, तेव्हा तिचं मूल तान्हं होतं. भावजयीचं मूल काखेला मारून स्वतःच्या कॉलेजला जाणारी नणंद तिने त्याआधी कुठे पाहिली नव्हती. धाकटी शेवटच्या बाकावर बसून एका हाताने लिहायची आणि दुसऱ्याने बाळाला थोपटायची, आणि संध्याकाळी घरी येऊन वर म्हणायची की आज दोघांनाही वर्गात छान झोप लागली. ते वर्ष पार पडलं. सून पास झाली. त्याबद्दल कुणी कुणाला एक अक्षर बोललं नाही, कारण या घरात तशी रीतच नव्हती. आज तिच्याच नवऱ्याला नोटीस पाठवायची म्हणजे त्या वर्षाची परतफेड कशी केली म्हणायची, हे सुनेला कळत नव्हतं. आणि नाही पाठवायची, तर उद्या सकाळी त्याच गाडीत बसून पूल चढायचा.

"हमी शुक्रवारी संपते," आत्या म्हणाली. "तेव्हा ज्याला रुसायचं, रागवायचं आहे, त्याने ते आज आवरून घ्यावं."

आत्या अण्णांची बहीण, वकील. तिने बोलायला सुरुवात केली की अण्णासुद्धा भिंग काढून ठेवत. तिने सगळं समजावून सांगितलं. गाडी जुनी असली तरी विकणारा धंदेवाला आहे, घराच्या दारातून गाडी विकणारा शेजारी नव्हे. आणि 'आहे तशी घ्या' असं लिहून त्याने हात वर केलेले नाहीत, उलट हमी दिली आहे. म्हणजे पहिला मार्ग हा की त्याला लेखी कळवायचं, दोष काय आहे ते सांगायचं आणि दुरुस्तीची संधी द्यायची. दुरुस्त करूनही तोच दोष पुन्हा आला, तर दुसरी गाडी मागता येते. नाहीतर गाडी परत करून पैसे मागायचे, किंवा गाडी ठेवून घेऊन किंमत कमी करून घ्यायची. त्याने ऐकलं नाही तर ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारं न्यायालय आहे, आणि त्याच्याही आधी दोघांना समोरासमोर बसवणारा मध्यस्थ आहे. दोष ठाऊक असून त्याने लपवला असेल, तर ती फसवणूक झाली आणि मग प्रकरण वेगळ्या वळणावर जातं.

"त्याला ठाऊक असणारच," थोरला म्हणाला. "रोज गाड्यांत लोळतो तो."

"ठाऊक असणार हा पुरावा नाही," आत्या म्हणाली. "मला एवढंच सांग, आजवर त्याला कळवलं कधी कधी?"

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

सुनेने सांगितलं की पहिल्यांदा गाडी बंद पडली ती भाजी मंडईपाशी. थोरला येऊन घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी परत आणली, ठीक आहे म्हणाला. मग अण्णांना दवाखान्यात नेताना बंद पडली. नंतर एकदा धाकटीने बाजाराला म्हणून नेली होती, तिच्याबरोबर मात्र काही झालं नाही. आणि आता हा पूल. आत्याने विचारलं की थोरल्याने गाडी नेली ती जावयाच्या शोरूमला ना. थोरल्याचा आवाज एकदम खाली आला. शोरूमला नव्हे, तो म्हणाला. बेकरीशेजारी गॅरेज आहे, तिथल्या मेकॅनिकने पेट्रोलचा पंप बदलला. घरचा माणूस, त्याच्या धंद्याचे ते पहिले दिवस. पहिल्याच महिन्यात तक्रार घेऊन कुठे जायचं, म्हणून त्याने स्वतःच निस्तरलं. बायकोला तरी कशाला सांगायचं, तिच्या मनात जावयाबद्दल उगाच अढी बसेल.

"आणि जुना पंप?"

"भंगारात गेला."

आत्याने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता, तरी पुसला. मग तिने अण्णांकडे नुसतं पाहिलं आणि अण्णांनी मुकाट्याने खण उघडला. घड्याळजीची जुनी सवय. काढलेला सुटा भाग टाकून द्यायचा नाही, गिऱ्हाइकाला दाखवायचा. खणातून एक काड्यापेटी निघाली आणि तिच्यातून काळा, चौकोनी, बोटाच्या पेराएवढा एक तुकडा. गाडीचा रिले, पंपाला वीज जोडून देणारा, अण्णा म्हणाले. दवाखान्याच्या वेळी गाडी बंद पडली, त्यानंतर त्यांनी सून झोपली असताना बॉनेट उघडून तो बदलला होता. बॅटरीचे सांधेही घासून पुसून ठेवले होते. त्यांना वाटलं, यंत्र म्हटलं की थोडं मागेपुढे व्हायचंच.

"म्हणजे त्याला कुणीच काही सांगितलं नाही," आत्या म्हणाली. ती ओरडली नाही, पण थोरला अंग चोरून बसला. "उद्या त्याचा वकील उभा राहील आणि म्हणेल, माझ्या अशिलाला दुरुस्तीची संधीच मिळाली नाही. म्हणेल, एकाने पंप बदलला, दुसऱ्याने घड्याळं सोडून रिले बदलला, गाडी यांनीच बिघडवली. आणि मी तिथे बसून काय सांगू? की माणसं फार चांगली आहेत हो?"

दारात कुणीतरी हसलं. हसू कसलं, हुंदकाच होता तो.

धाकटी उभी होती. संध्याकाळच्या ऐवजी दुपारीच आली होती, कारण अण्णांचा खांदा दुखत होता आणि भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला किल्ली देणं तिने आपल्याकडे घेतलं होतं; संध्याकाळपर्यंत ते थांबेल अशी तिला धास्ती होती. आज नवराही बरोबर होता, गल्लीच्या टोकाला गाडी लावत होता. जिन्यातच तिला आत्याचा आवाज ऐकू आला होता, आणि जिन्यात ऐकू आलेला आत्याचा आवाज म्हणजे घरात काहीतरी शिजतंय, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती सरळ आत आली आणि आत्याने लिहून आणलेला नोटिशीचा कागद टेबलावरून उचलून वाचायला लागली. वर तिच्या नवऱ्याचं नाव होतं, शोरूमचा पत्ता होता.

पहिला राग तिला नोटिशीचा आला नाही. तिला राग आला तो आपल्याला बोलावलं नाही याचा. लग्न झालं म्हणून मी पलीकडची झाले का, असं तिच्या ओठांपर्यंत आलं. पण काड्यापेटीतला काळा तुकडा तिने पाहिला आणि ते शब्द तिथेच अडले. कारण तिच्याही पर्समध्ये, चाव्यांच्या कप्प्यात, एक पावती होती.

"बाजाराला नेली तेव्हा माझ्याकडेही बंद पडली होती," ती म्हणाली. "दोनदा."

सुनेने वळून पाहिलं.

"मी ती यांच्या शोरूमला नेलीच नाही. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नेली, आम्हाला कुणी ओळखणार नाही अशा गॅरेजात. त्यांनी इंजिनाला ठिणगी देणारी इग्निशनची कॉइल बदलली. यांना सांगितलं असतं तर यांची झोप उडाली असती. भागीदार आधीच टोमणे मारतो, नातेवाइकांना गाड्या विकतोस म्हणून. आणि तुला सांगितलं असतं, वहिनी, तर तू म्हणाली असतीस, विश्वासाने घेतली आणि असं झालं. मला ते नको होतं."

थोरला कपाळाला हात लावून बसला. अण्णा म्हणाले, म्हणजे माझा रिले चांगलाच होता. आत्या म्हणाली, दादा, तू गप्प बैस.

या घराला ही खोड गेलेल्या आईने लावली होती. कुणाचं काही अडलं तर न सांगता करून टाकायचं आणि केल्यावर बोलून दाखवायचं नाही. ज्याच्यासाठी केलं त्यानेही बोलायचं नाही. आभार परक्यांचे मानायचे असतात, असं ती म्हणायची. तिच्या हयातीत हे छान चाललं, कारण कुणी कुणासाठी काय केलं ते सगळं तिच्या एकटीच्या डोक्यात असायचं. ती गेल्यावर खोड तेवढी मागे राहिली. तिघांनी तीन ठिकाणी एकाच गाडीवर एकाच दोषाची तीन औषधं केली, तिघांनीही जावयाची लाज राखली आणि तिघांनीही सुनेला सांगितलं की काही नाही, ठीक आहे.

"मला एक विचारायचंय," सून म्हणाली. आवाज अगदी साधा होता, जखमेची पट्टी सोडवताना रुग्णाशी बोलावं तसा. "गाडी बंद पडली की दर वेळी तुम्ही मला काय सांगायचात?"

उत्तरही तिनेच दिलं. नवरा म्हणायचा, तू क्लच नीट सोडत नाहीस. अण्णा म्हणायचे, सूनबाई, जरा सावकाश घेत जा. धाकटी म्हणाली होती, माझ्याकडे तर छान चालली. सगळ्यांचं ऐकून सुनेला वाटायला लागलं होतं की खोट आपल्यातच आहे. गेल्या महिन्यापासून ती सकाळचं काम आटपून गाडी शिकवणाऱ्याकडे जात होती, तेही घरात न सांगता. शिकवणारा पोरगेला होता, तिला विचारायचा की काकू, तुम्हाला सगळं येतंय की, मग आलात कशाला. मंगळवारी पुलावर ट्रक मागे येऊन थांबला, तेव्हासुद्धा तिच्या मनात पहिलं हेच आलं होतं की आपलं काहीतरी चुकलं.

"गाडीत दोष आहे एवढं एकाने जरी सांगितलं असतं," ती म्हणाली, "तरी मी स्वतःला बोल लावत बसले नसते. तुमचा जीव आहे माझ्यावर, मला माहीत आहे. पण मला सांगत जा."

थोरला उठून तिच्याजवळ गेला आणि क्लचचं मी उगाच म्हणालो, एवढंच पुटपुटला. बेकरीवाल्याचा तो मोठा पंजा तिच्या खांद्यावर नुसता पडून राहिला. तिने तो झटकला नाही. तिचा राग खरा होता, पण त्याच्या खालून काहीतरी ऊबदार वर येत होतं आणि ती त्याला थोपवत नव्हती. आपल्या पाठीमागे इतकी माणसं बॉनेट उघडून उभी होती, हे तिला आजच कळत होतं.

तेवढ्यात जावई वर आला. सगळ्यांचे चेहरे पाहून उंबऱ्यातच थबकला. त्याला वाटलं अण्णांना काही झालं. अण्णा ठणठणीत आहेत असं पाहून त्याच्या जिवात जीव आला, आणि मग त्याने बायकोच्या हातातला कागद पाहिला. तिने तो लपवला नाही. पुढे केला.

त्याने तो उभ्यानेच वाचला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. ही गाडी त्याने शोरूमच्या रांगेतून स्वतः काढली होती, स्वतः धुतली होती, वहिनीची पिशवी पुढच्या सीटवर नीट राहते का ते आपली बॅग ठेवून पाहिलं होतं. या घरात लग्न करून आला, तेव्हा त्याच्याकडे धंदा नव्हता, नुसत्या गप्पा होत्या. तरी अण्णांनी दुकानाची पुढची खोली त्याला टेबल टाकायला दिली आणि त्याबद्दल पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. ते फेडायची त्याला मिळालेली पहिली संधी म्हणजे ती निळी गाडी. ती बंद पडत होती, आणि घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, एकट्या त्याला सोडून.

"गरम झाली की बंद पडते आणि थंड झाली की पुन्हा सुरू होते?" त्याने विचारलं.

सून हो म्हणाली.

"ओलावा गेलाय वायरिंगमध्ये. ही गाडी कधीतरी पाण्यात उभी राहिलेली असणार. कितीही पंप आणि कॉइली बदला, थांबणार नाही. पहिल्याच दिवशी माझ्याकडे आणली असती तर..." तो थांबला. मग अण्णांकडे वळून म्हणाला, "मी इतका हलका वाटलो का तुम्हाला? सांगितलं असतं तर मोडलो असतो?"

अण्णांनी भिंग काढलं. आता त्यांना घड्याळामागे लपता येईना. "हलका नाही," ते म्हणाले. "लाडका वाटलास. तिथेच चुकलं."

आत्याने घसा साफ केला. तिने सुचवलं की नोटीस फाडून टाकावी आणि आपसांत मिटवावं, गाडी जावयाने परत न्यावी, प्रश्न सुटला. थोरला लगेच हो म्हणाला. सकाळपासून नोटीस पाठवाच म्हणणारा तो, आता त्याला कागद फाडण्याची घाई झाली होती. जावई मात्र नाही म्हणाला.

"नोटीस हवीय मला," तो म्हणाला. "आत्या, ही गाडी मी ज्याच्याकडून घेतली, त्यानेही मला लिहून दिलंय की गाडी पाण्यात गेलेली नाही. पण माझ्याकडे गिऱ्हाइकाची लेखी तक्रार असेल तरच मला त्याला धरता येतं, आणि त्याचीही मुदत आहे. नुसतं तोंडी सांगितलं तर भागीदार म्हणेल, घरच्यांची गाडी घरच्यांसाठी परत घेतोय. हा कागद असेल तर त्याला बोलायला जागा नाही. शुक्रवार उलटेपर्यंत तुम्ही मला असेच जपत बसला असता, तर मी दोन्हीकडून गेलो असतो."

आत्याने अनेक वर्षांच्या वकिलीत नोटीस मागून घेणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. तिने कागद परत घेतला, 'फसवणूक' हा शब्द असलेलं वाक्य खोडलं, जावयाने सांगितलेलं पाण्याचं लक्षण घातलं, काड्यापेटीतला रिले, धाकटीच्या पर्समधली पावती आणि थोरल्याचा भंगारात गेलेला पंप, जसं घडलं तसं सगळं लिहिलं. लपवायचं काही नाही, ती म्हणाली, तिघांनी काय काय केलं ते आपणच सांगायचं. मग मजकूर नीट उतरवून सुनेपुढे सहीला ठेवला. सुनेने सही केली आणि कागद जावयाच्या हातात दिला. हातोहात, घरातल्या सगळ्यांसमोर. त्याने दुसऱ्या प्रतीवर 'मिळाली' असं लिहून सही केली.

"गाडी मी आजच उचलून नेतो," तो म्हणाला. "पैसे हवेत की दुसरी गाडी, ते तुम्ही ठरवा वहिनी, कायद्याने तुमचा हक्क आहे. मी मात्र पुढची गाडी दाखवीन ती जॅकवर चढवून, खालून." आणि त्याने स्वतःच्या गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. ठरेपर्यंत ही चालवा, म्हणाला. मी बसने जाईन.

सुनेने किल्ली उचलली. एरवी या घरात एवढ्यावर सगळं संपलं असतं; कुणीतरी चहा टाकला असता, कुणीतरी हवापाण्याचं बोललं असतं. तिने तसं होऊ दिलं नाही. "तुमचे आभार," ती जावयाला म्हणाली. शब्द खोलीत परका वाटला, अण्णांनी तर मान वर करून पाहिलं. मग तिने तो पुन्हा वापरला, अण्णांना रिलेबद्दल आणि नवऱ्याला पंपाबद्दल. थोरला लाजून खिडकीबाहेर बघायला लागला.

धाकटी स्टुलावर चढून मोठ्या घड्याळाला किल्ली देत होती. सून तिच्याजवळ गेली आणि स्टूल धरून उभी राहिली. खरं तर स्टूल हलत नव्हतं.

"तू बाळाला कॉलेजला न्यायचीस ते वर्ष," ती म्हणाली. "त्याचं मी तुला कधीच काही बोलले नाही."

धाकटीची किल्ली थांबली. वळून न बघताच ती म्हणाली, "मग आता बोलून टाक, वहिनी. मुदत संपायच्या आत."

सून बोलली. पुष्कळ बोलली, आणि बाकीच्यांनी ते सगळं बसून ऐकलं.